मदत हवी आहे: बेअर्सचा दहावा पिक, रनिंग बॅक घ्यावा की लेफ्ट टॅकल?

नमस्कार मंडळी,

इथे अमेरिकन फुटबॉल मनापासून बघणारे बरेच जण आहेत, म्हणून हक्काने विचारतेय. येत्या गुरुवारी, २४ एप्रिलला, ग्रीन बेमध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगचा २०२५चा ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची निवड, सुरू होतोय. आदल्या रात्री आमच्या ओळखीतले बत्तीस जण मिळून मॉक (लुटुपुटूचा) ड्राफ्ट करतात. प्रत्येकाकडे एक संघ, खऱ्या ड्राफ्टसारखीच पहिल्या फेरीत दहा मिनिटं, आणि खेळाडू निवडला की तोच का, हे सगळ्यांपुढे मांडायचं. यंदा माझ्याकडे शिकागो बेअर्स आलेत. मी इलिनॉयमध्ये राहते, हा आमचा घरचा संघ, त्यामुळे निवड अगदी नीट विचार करून करायची आहे.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी: पिक म्हणजे निवडीची पाळी. क्वार्टरबॅक पास टाकतो, रनिंग बॅक चेंडू घेऊन धावतो, आणि त्यांच्यापुढे उभी असते ती लाइन; तिच्यात टॅकल कडेला, गार्ड आतल्या बाजूला. आयपीएलच्या लिलावासारखी इथे बोली लागत नाही. कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंना ३२ संघ सात फेऱ्यांमध्ये क्रमाने निवडतात. गेल्या हंगामात जो सगळ्यात खाली राहिला तो आधी, सुपर बोल हा अंतिम सामना जिंकलेला शेवटी. हायस्कूल सोडून तीन वर्षं झाल्याशिवाय कोणालाही येता येत नाही. पगारही २०११पासून पिकच्या क्रमांकावर जवळपास ठरलेला असतो, त्यामुळे खरी किंमत पैशांची नसून पिकची. एकदा वापरला की गेला.

आता बेअर्सची परिस्थिती. गेल्या वर्षी पहिल्याच पिकवर केलेब विल्यम्स हा क्वार्टरबॅक घेतला. पहिल्या हंगामात तो ६८ वेळा सॅक झाला (चेंडू हातात असतानाच पाडला गेला), लीगमध्ये सर्वांत जास्त, आणि संघ ५ विजय, १२ पराभवांवर थांबला. सगळा दोष लाइनचा नव्हता, बऱ्याचदा त्यानेच चेंडू फार वेळ धरून ठेवला. तरीही मला डेव्हिड कार आठवतो. ह्यूस्टन टेक्सन्सने २००२मध्ये त्याला पहिल्या पिकवर घेतलं, त्या एका हंगामात तो ७६ वेळा सॅक झाला आणि पुढे त्याच्याकडून जी अपेक्षा होती ती कधीच पूर्ण झाली नाही. केलेबचं तसं होऊ नये असं फार वाटतं.

नवे प्रशिक्षक बेन जॉन्सन डेट्रॉइटहून आलेत. जनरल मॅनेजर रायन पोल्स यांनी लाइनचा मधला भाग पूर्ण बदलला: जो थूनी, ड्रू डालमन, जोना जॅक्सन. उजवीकडे डार्नेल राइट आहे, तोही २०२३चा दहावाच पिक. डावीकडे ब्रॅक्सटन जोन्स. सदर्न युटासारख्या छोट्या कॉलेजातून पाचव्या फेरीत आलेला हा मुलगा अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगला खेळला, पण डिसेंबरमध्ये त्याच्या घोट्याचं हाड मोडलं आणि त्याच्या कराराचं हे शेवटचं वर्ष आहे. म्हणजे लेफ्ट टॅकलची जागा आज भरलेली दिसते, पण पक्की नाही.

आणि इथेच अॅश्टन जेन्टी आडवा येतो. बॉयझी स्टेटचा हा रनिंग बॅक गेल्या हंगामात २६०१ यार्ड धावला. बॅरी सँडर्सचा १९८८चा २६२८चा विक्रम थोडक्यात राहिला. त्याला पहिला माणूस धडकतो तेव्हा तो पडतच नाही, कंबर खाली नेऊन सुटतो आणि पुढे जातो. माझ्या आधीच्या नऊ जणांनी त्याला सोडलं तर मी त्याला कसं सोडू? शिकागोने १९७५मध्ये चौथ्या पिकवर वॉल्टर पेटन घेतला होता. या गावात रनिंग बॅक म्हटलं की लोकांचे डोळे चमकतात.

दुसऱ्या बाजूला तीन टॅकल. टेक्ससचा केल्विन बँक्स, एलएसयूचा विल कॅम्पबेल आणि मिझूरीचा आर्मंड मेम्बू. बँक्स आणि कॅम्पबेल तीन-तीन वर्षं डावीकडेच खेळलेत. बँक्सला तर यंदा आउटलँड आणि लोम्बार्डी हे दोन्ही पुरस्कार मिळाले. कॅम्पबेलच्या हाताची लांबी कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचण्यांत, ३३ इंचांच्या किंचित खाली भरली आणि त्यावरून गदारोळ झाला. मेम्बू ३३२ पौंडांचा असून ४० यार्ड ४.९१ सेकंदांत धावला, पण तो उजवीकडचा खेळाडू.

माझा मुलगा हायस्कूलच्या संघात लेफ्ट गार्ड आहे. त्याचे सामने बघून मला चेंडू सोडून लाइनकडे बघायची सवय लागली. बँक्सची टेप मी आवाज बंद करून, प्रत्येक स्नॅप (चेंडू मागे देऊन खेळ सुरू होतो तो क्षण) दोनदा बघते. स्नॅप झाला की त्याचा डावा पाय मागे-बाहेर सरकतो, उजवा जमिनीला घासत मागोमाग येतो, पाठ ताठ, गुडघे वाकलेले. समोरचा अंगावर येतो तेव्हा हा हात कधी टाकतो, त्यावर सगळं आहे. लवकर टाकले तर समोरचा ते झटकून आत शिरतो, उशीर झाला तर छातीत धक्का बसून हा मागे रेटला जातो. इतकं मला दिसतं. पण कॉलेजात क्वार्टरबॅक बऱ्याचदा दोन सेकंदांत चेंडू सोडून मोकळा होतो. मग टॅकल चांगला होता की त्याची परीक्षाच झाली नाही, हे कसं ओळखायचं? तिथे मी अडते.

तेव्हा जाणकारांनी सांगावं: दहाव्या पिकवर जेन्टी आणि यातला एक टॅकल दोघंही शिल्लक असतील तर कोण? हाताच्या लांबीला किती महत्त्व द्यायचं? आणि दहावा पिक दुसऱ्या संघाला देऊन, खाली सरकून जास्तीचा पिक मिळवणं शहाणपणाचं ठरेल का? माझ्याकडे ३९, ४१ आणि ७२ हेही पिक आहेत.

प्रतिसाद १

ताई, छान लिहिलंय. मी मिशिगनला असतो, कॉलेज फुटबॉल मैदानात जाऊन बघतो. तुमच्या टेपच्या प्रश्नापासून सुरू करतो.

सगळे स्नॅप बघू नका. फक्त थर्ड डाउन (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतला तिसरा) निवडा, सात यार्डांहून जास्त हवे असतील ते. तेव्हा समोरच्याला ठाऊक असतं की पास येणार, तो जीव तोडून येतो, आणि क्वार्टरबॅकलाही चेंडू थोडा जास्त वेळ धरावा लागतो. टॅकल तिथे उघडा पडतो. दुसरं, पहिल्यांदा हरल्यावर तो काय करतो ते बघा. सगळेच कधी ना कधी हरतात. चांगला टॅकल कंबर खाली ठेवून पुन्हा उभा ठाकतो, कच्चा असेल तो वाकून जर्सी पकडतो. तिसरं, प्रतिस्पर्धी कोण होता ते लिहून ठेवा. बँक्स, कॅम्पबेल, मेम्बू तिघंही गेल्या हंगामात एसईसी या कॉलेजांच्या तगड्या गटात खेळलेत, पुढे एनएफएलमध्ये जाणारे पोरगे त्यांनी दर आठवड्याला अंगावर घेतलेत. ही मोठी जमेची बाजू.

हाताच्या लांबीबद्दल: ३३ इंच ही जुन्या अनुभवातून आलेली रेघ आहे. रशॉन स्लेटरचे हात ३३ इंचांचेच होते. चार्जर्सने २०२१मध्ये त्याला तेराव्या पिकवर घेतलं आणि पहिल्याच वर्षी तो लेफ्ट टॅकल म्हणून ‘प्रो बोल’ या लीगच्या निवडक खेळाडूंच्या संघात गेला. उलट थूनीचे हात त्याहून आखूड. गार्ड म्हणून अव्वल, पण गेल्या हंगामाच्या शेवटी चीफ्सने त्याला टॅकलला उभं केलं आणि सुपर बोलमध्ये त्यांचा क्वार्टरबॅक महोम्स सहा वेळा सॅक झाला. सगळे थूनीच्या बाजूने नव्हते, तरी कडेला त्याला जड गेलं हे दिसत होतं. म्हणजे आखूड हात चालतात, पण पाय असामान्य हवेत. कॅम्पबेलचे पाय चांगले आहेत. मी त्याला यादीतून काढणार नाही.

मेम्बूच्या बाबतीत मात्र सावध राहा. उजवीकडून डावीकडे येणं म्हणजे पायांचा सगळा क्रम उलटा करणं. तो २१ वर्षांचा आहे, शिकेल. पण केलेबला शिकाऊ टॅकल आत्ता परवडणार नाही.

प्रतिसाद २

माझं मत थेट देते. लाइन घ्या.

सॅक्वॉन बार्कली बघा. जायंट्सने २०१८मध्ये दुसऱ्या पिकवर घेतला. पहिलं वर्ष गाजवलं, मग दुखापत, दुबळी लाइन, हरणारा संघ. गेल्या वर्षी तो फिलाडेल्फियाला गेला, त्या लाइनच्या मागे २००५ यार्ड धावला आणि सुपर बोल जिंकला. ईगल्सने त्याच्यासाठी एकही पिक खर्च केला नाही, तो मोकळा होता म्हणून करार केला. आधी लाइन उभी केली, धावणारा नंतर आणला.

आणि पेटनचं नाव काढलंत म्हणून: पहिल्या सामन्यात तो आठ वेळा चेंडू घेऊन धावला आणि शून्य यार्ड मिळाले. गुणवत्ता तेव्हाही तीच होती. बेअर्स सुपर बोलपर्यंत पोचले ते १९८३च्या ड्राफ्टनंतर. त्यात सहाव्या पिकवर जिम्बो कव्हर्ट हा लेफ्ट टॅकल घेतला होता. त्याच ड्राफ्टमध्ये आठव्या फेरीत २०३व्या क्रमांकावर रिचर्ड डेंट मिळाला, तोच पुढे सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. खालच्या फेऱ्यांकडे दुर्लक्ष करू नका. यंदा रनिंग बॅकचं पीक भरघोस आहे, तुम्हाला ३९-४१च्या आसपास चांगला मुलगा मिळेल.

प्रतिसाद ३

वरच्या मतांचा आदर आहे, पण बेन जॉन्सन यांचा इतिहासही बघायला हवा. ते डेट्रॉइटचे ऑफेन्सिव्ह को-ऑर्डिनेटर (आक्रमणाची आखणी करणारे) असताना लायन्सने २०२३मध्ये बाराव्या पिकवर जमीर गिब्स घेतला. तेव्हा टीका झाली, आज कोणी करत नाही. मात्र तेव्हा त्यांच्याकडे डेकर, रॅग्नो, सूअल अशी पहिल्या फेरीतली लाइन तयार होती. बेअर्सकडे तशी तयार होत आली आहे, पूर्ण झालेली नाही. म्हणून जेन्टी वाईट निवड म्हणणार नाही. पण दहापर्यंत तो उरेल असं मला वाटत नाही.

खाली सरकण्याबद्दल: जिमी जॉन्सन प्रशिक्षक असताना काउबॉइजने केलेला गुणांचा तक्ता अजूनही लोक समोर ठेवतात. त्यात पहिला पिक ३००० गुण, दहावा १३००, सोळावा १००० आणि साठावा ३००. म्हणजे कोणी सोळावा आणि साठावा देऊन दहावा मागितला तर हिशेब बरोबर बसतो. त्याहून कमी मिळत असेल तर हलू नका. तिन्ही टॅकल गेलेले असतील तरच हा मार्ग धरा. तिथे मिशिगनचा टाइट एंड (ब्लॉकही करणारा, पासही झेलणारा) कोल्स्टन लव्हलंडही आहे. खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे तो कम्बाइनमध्ये धावला नाही, म्हणून त्याचं नाव कमी घेतलं जातंय.

कम्बाइनचे आकडे बघून डिफेन्सिव्ह एंड (कडेने क्वार्टरबॅकवर चालून जाणारा) मात्र घेऊ नका. टेक्सस ए अँड एमचा शेमार स्टुअर्ट २६७ पौंडांचा असून ४.५९ सेकंदांत धावला, उडी ४० इंच. डोळे दिपतात. पण तीन हंगामांत मिळून साडेचार सॅक. एवढं शरीर असून क्वार्टरबॅकपर्यंत पोचत नसेल तर का, हे कळल्याशिवाय दहावा पिक देऊ नये.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. थर्ड डाउनची युक्ती लगेच वापरली. बँक्सचे तेवढेच स्नॅप सलग बघितले. बाहेरून वेगाने येणाऱ्याला तो व्यवस्थित पुढे नेऊन सोडतो. ताकदीने छातीवर येणाऱ्यापुढे एक-दोन पावलं मागे जातो, पण तोल सोडत नाही. कॅम्पबेलचे पाय खरंच जास्त चपळ वाटले, पण लांब हातांच्या खेळाडूंनी त्याला आधी गाठलं असे काही स्नॅप सापडले.

माझा क्रम आता असा: बँक्स, मग कॅम्पबेल, दोघंही गेले तर खाली सरकायचा प्रयत्न, आणि सोळावा-साठावा असा सौदा जमला नाही तर लव्हलंड. जेन्टी दहापर्यंत उरला तरी मी लाइनच घेणार आणि बार्कलीचं उदाहरण देऊन तसं मांडणार. रनिंग बॅक ३९ किंवा ४१वर. त्या टप्प्यात नक्की कोण, यावर कोणी टेप बघितली असेल तर बुधवार संध्याकाळच्या आत सांगा. पासच्या वेळी मागे उभं राहून ब्लॉक करता येणारा हवा, ही माझी एकमेव अट आहे.