तीन फुटांचा कायदा आपल्याला वाचवतो का?

प्रेषक: नीलेश
प्रति: मंडळ लिस्ट
विषय: शनिवारची राईड आणि तीन फुटांचा कायदा

नमस्कार मंडळी,

शनिवारी मी राईड अर्धवट सोडून परत का गेलो असं चार-पाच जणांनी विचारलं म्हणून सगळ्यांनाच एकदम लिहितो. तुम्ही पुढे निघून गेला होतात, मी आणि मेधाताई मागे होतो. चढ संपल्यावर रस्ता अरुंद होतो ना, तिथे मागून एक पिकअप आला, त्याला गवत कापायच्या मशीनचा ट्रेलर जोडलेला. पिकअप तसा ठीक गेला, पण तो माझ्या पुढे गेला म्हणजे ओव्हरटेक झालं असं त्याने धरलं आणि गाडी लगेच कडेला घेतली, ट्रेलर अजून माझ्या बाजूलाच होता. तो तिरका होत होत माझ्या अंगावर आला. ट्रेलरच्या मडगार्डवरचे गंजलेले नट मला दिसत होते, इतक्या जवळून. मी हँडल सरळ धरून ठेवलं, दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच, पुढचं चाक खडीत गेलं, कसाबसा पाय टेकला आणि तो गेलासुद्धा. थांबला नाही, बहुतेक त्याला कळलंही नसेल. त्यानंतर दहा मिनिटं माझे गुडघे थरथरत होते, म्हणून परत फिरलो.

पोलिसांना फोन केला. ऑफिसर चांगला बोलला, पण म्हणाला, धक्का लागलेला नाही, नंबर तुम्हाला अर्धाच आठवतोय, अंतर कुणी मोजलेलं नाही, मग मी लिहू काय? त्याचंही चूक नाही. पण मग आपल्याकडे ओव्हरटेक करताना सायकलला किमान तीन फूट जागा सोडायचा जो कायदा आहे तो कुणासाठी आहे? इथे अमेरिकेत विस्कॉन्सिनने हा कायदा १९७३ मध्ये केला, आता तीसहून जास्त राज्यांत आहे, पेनसिल्व्हेनियात तर चार फूट. कॅलिफोर्नियात २०१४ पासून आहे, मूळ दंड ३५ डॉलर. इतकी वर्षं झाली आणि माझ्या बाजूने ट्रेलर वीतभर अंतरावरून जातो आणि कुणालाच काही होत नाही. मला खरंच कळत नाहीये की हा कायदा आपल्याला वाचवतो की फक्त वाचवतोय असं वाटायला लावतो.

नीलेश

---

प्रेषक: अविनाशकाका
विषय: रि: शनिवारची राईड आणि तीन फुटांचा कायदा

नीलेश, तू धडधाकट आहेस हे वाचून जीव भांड्यात पडला. मेधाने त्या दिवशी फोनवर सांगितलं होतं पण तिने बरंच कमी करून सांगितलेलं दिसतंय.

आता मी गाडी चालवणाऱ्यांच्या बाजूने बोलतो, राग मानू नकोस. मी तीस वर्षं गाडी चालवतोय आणि सायकल दिसली की तीन-चार फूट सोडतोच, कायदा नव्हता तेव्हाही सोडायचो. ज्याला माणसाची काळजी आहे तो कायद्याशिवाय सोडतो आणि ज्याला नाही तो कायदा असून सोडत नाही. मग मधल्या मधे फायदा कुणाचा? रस्त्यावर टेप घेऊन कोण उभा राहणार आहे? ज्याचा भंग झाला की नाही हे ठरवताच येत नाही असा कायदा करण्यापेक्षा नीट रस्ते बांधा, सायकलला वेगळी लेन द्या, असं माझं स्पष्ट मत. आणि तुम्ही लोक दोघं-दोघं शेजारी चालवता तेव्हा मागच्याने काय करायचं तेही कुणीतरी सांगा.

काका

---

प्रेषक: मेधा
विषय: रि: रि: शनिवारची राईड आणि तीन फुटांचा कायदा

काका, नीलेश,

मी त्या दिवशी मागून सगळं बघितलंय, त्यामुळे दोन रात्री झोप नीट नाही, म्हणून बसून वाचत राहिले. जे वाचलं ते सांगते.

टेप घेऊन कोण उभा राहणार या प्रश्नाला उत्तर आहे. इंग्लंडमध्ये वेस्ट मिडलंड्सच्या पोलिसांनी २०१६ मध्ये साध्या कपड्यातला पोलिस सायकलवर बसवला. कुणी कट मारून गेला की तो वायरलेसवर पुढच्या जोडीदाराला कळवायचा, पुढे गाडी थांबवायची आणि ड्रायव्हरला जमिनीवर अंथरलेली एक मोठी चटई दाखवायची, तिच्यावर सायकल आणि दीड मीटरचं अंतर छापलेलं. फारच वाईट चालवलं असेल तर खटला, नाहीतर तिथेच पंधरा मिनिटं समजावणं. आणि गंमत म्हणजे तेव्हा तिकडे असा आकड्याचा कायदा नव्हताच, निष्काळजी ड्रायव्हिंगचं जुनं कलम वापरलं. दीड मीटर त्यांच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात, आलं २०२२ च्या जानेवारीत. पहिल्या वर्षात सायकलवाल्यांचे मृत्यू आणि गंभीर जखमा मिळून वीसेक टक्के कमी झाल्या असं त्या पोलिसांनी सांगितलं होतं. एका वर्षाच्या आकड्यावर मी फार विसंबणार नाही, पण करता येतं हे तर दिसलं ना. टेनेसीत चॅटनूगाच्या पोलिसांनी २०१५ मध्ये सायकलच्या हँडलला लावायचं अल्ट्रासॉनिक यंत्र घेतलं, बाजूने जाणारी गाडी किती इंचावरून गेली ते स्क्रीनवर दिसतं. म्हणजे मोजता येत नाही हे खरं नाही, मोजायची इच्छा हवी.

पण ज्याला काळजी आहे तो सोडतोच हे काकांचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. इंग्लंडमध्ये तेव्हा बाथ विद्यापीठात असलेले संशोधक इयान वॉकर यांनी वेगवेगळे कपडे घालून सायकल चालवायचा प्रयोग केला, कॅज्युअल, रेसिंगचे, चमकणारं जॅकेट, नवशिक्या सायकलस्वार असं लिहिलेलं जॅकेट. कशानेच फरक नाही! फक्त ज्याच्यावर पोलिस हा शब्द होता आणि व्हिडिओ चालू आहे असं लिहिलं होतं त्याने जरा जास्त जागा मिळाली, तीही सरासरी पाचेक सेंटिमीटर. आणि काहीही घाला, शंभरातल्या एक-दोन गाड्या पन्नास सेंटिमीटरच्या आत येतातच. त्या एक-दोन गाड्यांनाच मी घाबरते. रोज ऑफिसला सायकलने जाणाऱ्या माणसाच्या बाजूने दिवसाला शंभर गाड्या सहज जातात, म्हणजे रोज एकदा तरी.

आणि वेगळ्या लेनबद्दल. नुसती रंगाची लेन असेल तर उलटंच होतं. मेलबर्नमध्ये मोनॅश विद्यापीठाने साठ सायकलस्वारांना यंत्र देऊन अठरा हजारांवर ओव्हरटेक मोजले, २०१९ मध्ये छापलं. साधारण सतरातलं एक ओव्हरटेक एक मीटरच्या आतलं. आणि जिथे सायकलची पट्टी आखलेली होती तिथे गाड्या सरासरी सत्तावीस सेंटिमीटर जास्त जवळून गेल्या, पट्टीच्या बाजूला गाड्या पार्क केलेल्या असतील तर चाळीस. कारण ड्रायव्हर रेघेकडे बघून चालवतो, सायकलकडे बघत नाही. रेघेच्या आत आहे म्हणजे आपलं काम झालं. मधे कठडा असलेला ट्रॅक हवा, रंग नको.

मेधा

---

प्रेषक: नीलेश
विषय: रि: रि: रि: शनिवारची राईड

मेधाताई, हे वाचून मी काल रात्री कागदावर हिशोब मांडला आणि माझं मत जरा बदललं, सांगतो.

मी कडेपासून अडीच फुटांवर चालवतो, त्याहून आत चालवलं तर गटाराची जाळी आणि खडी. हँडल आणि कोपर धरून माझी डावी बाजू साडेतीन फुटांवर येते. त्यापुढे कायद्याचे तीन फूट, झाले साडेसहा. पिकअप आरशांसकट आठ फूट. साडेचौदा. लेन असते जास्तीत जास्त बारा फूट, त्या अरुंद पट्ट्यात तर दहाच असेल. म्हणजे कायदा पाळायचा तर पलीकडच्या लेनमध्ये गेल्याशिवाय ओव्हरटेक करताच येत नाही, आणि मधे तर डबल पिवळी रेघ! मग पाळणाऱ्याने काय करायचं? एक तर रेघ ओलांडायची, नाहीतर मागे थांबायचं. आपण याला अंतराचा कायदा म्हणतो पण तो खरं तर थांबायचा कायदा आहे, आणि हे कुणी ड्रायव्हरला नीट सांगितलेलंच नाही.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने हे ओळखलं. त्यांनी २०१४ मध्ये प्रयोग म्हणून ताशी साठ किलोमीटर वेगमर्यादेपर्यंत एक मीटर आणि त्याच्यावर दीड मीटर असा नियम केला, २०१६ ला कायम केला, आणि त्याच्याबरोबर समोरचा रस्ता मोकळा आणि दिसत असेल तर सायकलला ओव्हरटेक करण्यापुरती मधली सलग रेघ ओलांडायची परवानगी दिली. कॅलिफोर्नियात २०१२ च्या विधेयकात रेघ ओलांडायची अशीच मुभा होती, गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी त्यावर व्हेटो मारला, आणि पुढच्या वर्षी सही झाली ती ही मुभा काढलेल्या कायद्यावर. आकडा राहिला, पाळायची वाट गेली. मग २०२३ पासून त्यांनी शक्य असेल तिथे सायकलसाठी अख्खी लेन बदलायला सांगितली, म्हणजे बाजूला दुसरी लेन असेल तर. मला हे तीन फुटांपेक्षा कितीतरी बरं वाटतं कारण लेन बदलली की नाही हे कुणालाही दिसतं, त्याला टेप लागत नाही, पोलिसाला लांबून दिसतं, कॅमेऱ्यात दिसतं.

काका, दोघं शेजारी का चालवतो त्याचं उत्तरही यातच आहे. लेन इतकी अरुंद असेल की एकट्या सायकललाही लेनमध्ये राहून ओव्हरटेक करता येत नाही, तर आम्ही एकामागे एक गेलो काय आणि शेजारी गेलो काय, तुम्हाला रेघ ओलांडायचीच आहे. उलट शेजारी असलो तर तुमचं ओव्हरटेक लांबीला निम्मं होतं. कडेला चिकटून गेलो की मागच्याला वाटतं बसेल गाडी, आणि तो घुसवतो. त्या पिकअपवाल्याला तसंच वाटलं असणार.

तरी एक गोष्ट खरी, चौकात वळताना मारलेला कट, पार्क केलेल्या गाडीचं अचानक उघडलेलं दार, यातलं काहीही हा कायदा थांबवत नाही. पण मागून येणाऱ्या गाडीची जी भीती असते, जिच्यामुळे निम्मे लोक सायकल काढतच नाहीत, त्याच्यासाठी दुसरं काही हातात आहे का आपल्या?

नीलेश

---

प्रेषक: अविनाशकाका
विषय: टेप लावून बघितला

नीलेश, मेधा,

तुझा हिशोब मला पटेना म्हणून आज दुपारी दारात गाडी लावली, नातवाची सायकल स्टँडवर उभी केली आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून हिला म्हटलं, सायकल हळूहळू लांब ने, तीन फूट वाटले की मी सांगतो. थांब म्हटलं आणि खाली उतरून टेप लावला. आरशाच्या टोकापासून हँडलपर्यंत एकोणीस इंच.

एकोणीस! पुन्हा केलं, बावीस. तिसऱ्यांदा मुद्दाम जास्त सोडलं तेव्हा कुठे एकोणतीस. तीन फूट म्हणजे छत्तीस. आणि हे गाडी उभी असताना, सायकल हलत नसताना, माझं सगळं लक्ष तिकडेच असताना. सीट एका टोकाला आणि सायकल दुसऱ्या, मधे अख्खं बॉनेट, मी आरसा धरतच नव्हतो, गाडीच्या पत्र्यापासून मोजत होतो मनात. तीस वर्षं मी लोकांना तीन-चार फूट सोडतोय असं समजत होतो आणि कितीतरी जणांच्या बाजूने मी हातभर अंतरावरून गेलो असणार. त्यांनी घरी जाऊन माझ्याबद्दल असंच लिहिलं असेल.

मी कायद्याला नको म्हणालो ते मागे घेतो. पण माझं अजूनही म्हणणं आहे की नुसता आकडा लिहून उपयोग नाही, कारण आकडा पाळतोय असं मला मनापासून वाटत होतं. लायसन्सच्या परीक्षेत हे टेप लावून करून दाखवायला पाहिजे, मेधा म्हणते तशी चटई तिथे अंथरा. ट्रेलरवाल्यांना तर वेगळं शिकवायला हवं.

काका

---

प्रेषक: मेधा
विषय: रि: टेप लावून बघितला

काका, पुढच्या महिन्यात मंडळाचा कार्यक्रम आहे तेव्हा पार्किंगमध्ये हेच सगळ्यांकडून करून घ्यायचं का? पाच-सहा वेगवेगळ्या गाड्या हव्यात, एखादी व्हॅन आणि एसयूव्ही नक्की, आणि जमिनीवर खडूने दहा फुटांची लेन आखू. प्रत्येकाने सीटवर बसून तीन फूट सांगायचे आणि आपण आकडा लिहून ठेवायचा, नाव नाही लिहायचं. ते सगळे आकडे घेऊन मग आपल्या भागाच्या प्रतिनिधीला पत्र लिहू की आकड्याबरोबर रेघ ओलांडायची मुभा आणि दुसरी लेन असेल तिथे लेन बदलायची सक्ती, दोन्ही कायद्यात घाला. मसुदा मी करते. नीलेश, तो अरुंद पट्टा नक्की किती फुटांचा आहे ते मोजून आणशील का, पण सकाळी लवकर जा, आणि एकटा जाऊ नकोस.

मेधा

---

प्रेषक: अविनाशकाका
विषय: रि: रि: टेप लावून बघितला

खडू आणि टेप मी आणतो. नीलेश, मोजायला जाशील तेव्हा मला सांग, मी गाडी घेऊन तुझ्या मागे दिवे लावून उभा राहीन.

काका