मायक्रोमाउस स्पर्धेत तयार किट चालावे का?

मूळ मत
महाविद्यालयीन मायक्रोमाउस स्पर्धांत तयार किट आणि दुसऱ्याने लिहिलेले प्रोग्रॅम यांना मज्जाव करावा, असे मला ठामपणे वाटते. प्रत्येकी १८ सेंटीमीटरच्या १६ × १६ घरांच्या चक्रव्यूहात, बाहेरून कोणतीही सूचना न घेता, मायक्रोमाउस या छोट्या रोबोने स्वतः वाट शोधून मध्यावरची चार घरे गाठायची असतात. वाट शोधण्याच्या ‘फ्लड फिल’ पद्धतीत प्रत्येक घराला मध्यापासूनच्या अंतराचा आकडा दिलेला असतो. नवी भिंत दिसली की ते आकडे नव्याने मांडावे लागतात. हे ज्याने कागदावर एकदाही केलेले नाही, त्याचे यंत्र मध्यावर पोहोचले तरी त्याला काय कळले?

प्रतिसाद १
मी असहमत आहे. मी तालुक्याच्या गावी शिकवतो. एन्कोडर (चाक किती फिरले ते मोजणारा भाग) असलेल्या दोन चांगल्या मोटारी घेतानाच आमच्या मुलांचे पैसे संपतात. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र स्पर्धेत निवडलेल्या संघांना रोबो आयोजकच पुरवत आले आहेत. म्हणून तिथली मुले कमी शिकतात असे कोणी म्हणणार नाही. शिवाय किट आणले म्हणजे काम संपले, असेही नसते. गेल्या वर्षी आमचे यंत्र प्रयोगशाळेत बिनचूक धावले आणि स्पर्धेच्या सभागृहात पहिल्याच वळणावर भिंतीला धडकले, कारण खिडकीतून येणाऱ्या उन्हाने भिंती ओळखणाऱ्या इन्फ्रारेड सेन्सरचे आकडे बिघडले होते. मुलांनी काळ्या कागदाच्या नळ्या करून सेन्सरभोवती बसवल्या आणि दिवे बंद-चालू करून पुन्हा आकडे घेतले. हे त्यांना कोणत्याही किटने शिकवले नव्हते.

मूळ लेखकाचे उत्तर
खर्चाचा मुद्दा मला मान्य आहे; सांगाडा आणि मोटारी तयार घ्याव्यात. प्रोग्रॅमबाबत मात्र मी मागे हटणार नाही. परीक्षकांनी ऐनवेळी मध्याऐवजी भलतेच घर लक्ष्य म्हणून द्यावे आणि संघाने तिथेच बसून बदल करून दाखवावा.

प्रतिसाद २
तीस संघ असतील तर एवढा वेळ कुठून आणणार? त्यातही घाईत टंकलेखन चुकणारा विद्यार्थी नाहक बाद होईल. त्यापेक्षा शोधफेरीनंतर, म्हणजे चक्रव्यूह पाहून घेण्याच्या फेरीनंतर, यंत्राने नोंदवलेला नकाशा संगणकावर उघडावा आणि त्यातले एखादे घर दाखवून तिथे तो आकडा का आला, एवढेच विचारावे. ज्याने प्रोग्रॅम स्वतः लिहिला आहे, तो दोन मिनिटांत सांगेल.