मदत हवी आहे: थंडीत घट्ट, उन्हाळ्यात पातळ होणारी काकवी

नमस्कार मंडळी,

पन्हाळा तालुक्यात आमचं घरचं गुऱ्हाळ आहे. काहिलीकडचं, म्हणजे रस आटवायच्या कढईकडचं, सगळं सासरे आणि गुळव्या बघतात. काकवी भरणं आणि विकणं माझ्याकडे. अडचण विक्रीतली आहे, पण तिचं मूळ शास्त्रात आहे असं वाटतं, म्हणून इथल्या जाणकारांना विचारते.

डिसेंबरात पहाटे भरायला बसलं की ड्रमच्या नळातून काकवी जाड दोरीसारखी उतरते आणि बाटलीत पडताना तिची वेटोळी होतात. एक बाटली भरेपर्यंत हात गारठतात. दुपारी ऊन चढलं की त्याच ड्रममधून सरळ, बारीक धार लागते. आम्हाला यात नवल नाही. पण गिऱ्हाईक बाटली तिरकी करून बघतं आणि तेवढ्यावर ठरवतं. थंडीत घेऊन गेलेल्यांनी ‘काय दाट आहे!’ म्हणून कौतुक केलं, आणि त्याच आदणाची (एका वेळी आटवलेल्या रसाची) काकवी मे महिन्यात पुण्याच्या एका दुकानदाराने ‘या खेपेला पाणी घातलंय’ म्हणत परत पाठवली. आमच्या काकवीत पाण्याचा थेंब जात नाही. सासऱ्यांना ते फार लागलं.

तापमानाने दाटपणा नेमका किती बदलतो, हे आकड्यात सांगता येईल का? पाणी घातलेलं नाही हे दाखवायची एखादी स्वस्त रीत आहे का? आणि थंडीत भरताना ड्रमला ऊब द्यायची तर किती आणि कशी?

---

प्रतिसाद

ताई, मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो. काकवीत साखरेशिवाय बरंच काही असतं, त्यामुळे तिचे आकडे थोडे वेगळे येतील. पण शुद्ध साखरेच्या पाकाचे आकडे घेतले तरी तुमचं म्हणणं सिद्ध होतं.

साध्या पाण्याची श्यानता, म्हणजे दाटपणाचं माप, २० अंशांना साधारण १ मिलिपास्कल-सेकंद असते, ४० अंशांना ०.६५. म्हणजे फरक एक तृतीयांशाचा, डोळ्याला कळतही नाही. ७० टक्के साखरेचा पाक मात्र २० अंशांना ४८० च्या आसपास असतो आणि ४० अंशांना ११५ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ चौथाईवर! साखरेचे रेणू पाण्याला आणि एकमेकांना धरून असतात. उष्णतेने रेणूंची हालचाल वाढली की ती पकड वारंवार सुटते आणि थर एकमेकांवरून सहज सरकतात. पाक जितका दाट, तितका हा परिणाम मोठा.

आता दुसरी बाजू बघा. तोच पाक २० अंशांवरच ठेवून पाणी घालून ६५ टक्क्यांवर आणला, तर श्यानता १५० च्या जवळ येते. थोडक्यात, वीस अंशांची ऊब आणि पाच टक्क्यांचा फरक बाटली तिरकी केल्यावर जवळपास सारखेच दिसतात. दुकानदाराला संशय आला हे समजू शकतं, पण त्याची परीक्षा चुकीची होती.

खरी परीक्षा ब्रिक्सची, म्हणजे विरघळलेल्या साखरेच्या टक्क्यांची. उसाची पक्वता बघायला शेतात वापरतात तो ० ते ३२ चा रिफ्रॅक्टोमीटर (ब्रिक्स मोजायचं यंत्र) गावात कुणाकडे तरी असेलच. काकवीचा आकडा त्याच्या पट्टीत मावणार नाही. म्हणून एक भाग काकवी आणि दोन भाग पाणी वजनाने मिसळा, नीट ढवळा, गार होऊ द्या आणि येईल त्या आकड्याला तीनने गुणा. मापाने मिसळू नका, काकवी पाण्यापेक्षा बरीच जड असते. नव्यानेच घेणार असाल तर पाकासाठीचा ५८ ते ९० चा आणि तापमानाची दुरुस्ती स्वतः करणारा घ्या. प्रत्येक आदणाचा ब्रिक्स वहीत लिहा आणि लेबलवर छापा. थंडीतल्या आणि मेमधल्या बाटलीचा आकडा तोच येईल.

---

धागालेखिका

मनापासून आभार. तीनने गुणायची रीत उद्याच करून बघते, यंत्र शेजारच्या मळ्यात आहे. आणि ड्रमच्या उबेचं?

---

प्रतिसाद

विस्तव थेट ड्रमखाली नको. काकवी दाट असताना आतल्या आत फिरत नाही, त्यामुळे तळाची जागची हलत नाही, करपते आणि वरची गारच राहते. ड्रम मोठ्या टाकीत कोमट पाण्यात उभा करा आणि पहिला काही वेळ लाकडी दांड्याने ढवळत राहा. चाळीस-पंचेचाळीस अंशांना नळ छान चालतो, त्यापुढे नेलं तर धार आणखी वाढते, पण जास्त वेळ तापवलं की रंग काळपट व्हायला लागतो. काहिलीतली गरम काकवी सरळ भरायचा विचार असेल तर काचेची बाटली लागेल, तीही आधी गरम केलेली. साधी पेट प्लास्टिकची बाटली सत्तर अंशांच्या पुढे आकसते.

आणि बाटलीत खाली खडे दिसले तर तो दाटपणा नव्हे, साखर बसलेली असते. तसं असेल तर फोटो टाका, त्याचा उपाय वेगळा आहे.