वादळ, पूर आणि ऊन : परसातल्या बदकांचे अनुभव

बदक हा पाण्यातला पक्षी, म्हणून पावसाळ्यात त्याची चिंता नको, असा समज आपल्याकडे पक्का आहे. ठाणे आणि नवी मुंबईच्या गावठाणांत ज्यांनी परसात बदके पाळली आहेत, त्यांनी खराब हवामानातले आपले अनुभव बारकाव्यांसह लिहावेत, ही विनंती. सुरुवात मी करते; पुढचे अनुभव इतर पाळणाऱ्यांचे आहेत.

खारेगाव, कळवा : ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले, त्या सकाळी आमची सहा खाकी कॅम्पबेल बदके भर सरींत चिखलात चोची खुपसून गांडुळे शोधत होती. वारा चढताच त्यांचा कलकलाट थांबला. खुराड्याचे दार उघडे होते, तरी पत्र्याच्या खडखडाटामुळे एकही आत जाईना. सगळी भिंतीलगत पोट जमिनीला टेकवून, वाऱ्याकडे तोंड करून बसली, कारण मागून वारा आला की पिसे उलटतात आणि पाणी थेट कातडीपर्यंत पोहोचते. पत्र्यावर वाळूची पोती टाकून आवाज थांबवला, आत दिवा टांगला, तेव्हा ती एकामागोमाग एक आत गेली. घाबरलेल्या बदकांना अंधारात कोंबणे मला निर्दयपणाचे वाटते.

विटावा : २६ जुलै २००५ च्या प्रलयात बदके अंगणातल्या पाण्यावर तरंगत राहिली, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. खरे संकट पाणी ओसरल्यावर आले. कुजलेल्या डबक्यात ती चरत राहिली आणि चौथ्या दिवशी दोघींच्या माना लुळ्या पडल्या. सडक्या घाणीतल्या जंतूंच्या विषाने, म्हणजे बोटुलिझमने, असे होते, हे पशुवैद्यांकडून कळले. एक मादी वाचली नाही. आता पूर ओसरल्यावर डबकी बुजेपर्यंत मी बदके कोंडूनच ठेवतो.

दिवाळे, बेलापूर : खुडूक कोंबडीखाली उबवलेली बदकांची पिल्ले पहिल्याच सरीत धावत बाहेर गेली आणि गारठून आडवी झाली. बदकीण स्वतःच्या पिसांतले तेल पिल्लांच्या लवेला लावते. कोंबडीकडून ते मिळत नाही. पिल्ले पुसून, दिव्याच्या उबेत ठेवल्यावर सावरली.

घणसोली : आमच्याकडे वादळापेक्षा एप्रिलचे ऊन कठीण गेले. बदकांना घाम येत नाही; ती चोच उघडी टाकून धापा टाकत होती, पंख अंगापासून दूर धरत होती, अंडी तर बंदच झाली. उथळ ताटलीऐवजी डोके पूर्ण बुडेल असे घमेले सावलीत ठेवले, तेव्हा प्रत्येकीने आधी डोळे आणि नाकपुड्या धुतल्या, मगच ती पाणी प्यायली.