थिंक टँकचं ऐकून परराष्ट्र धोरण खरंच बदलतं का?

नवीन_वाचक: एमएला इंटरनॅशनल रिलेशन्स घेतलंय आणि पुढे एखाद्या थिंक टँकमध्ये, म्हणजे धोरणांचा अभ्यास करून सल्ला देणाऱ्या संस्थेत, काम करायची मनापासून इच्छा आहे. पण रायसीना डायलॉग ही दिल्लीतली परराष्ट्र धोरणावरची परिषद बघताना प्रश्न पडतो, ओआरएफ हा थिंक टँक आणि परराष्ट्र मंत्रालय मिळून एवढा कार्यक्रम करतात पण निर्णय तर शेवटी आयएफएसवाले (परराष्ट्र सेवेतले अधिकारी) आणि पंतप्रधान कार्यालयच घेतात ना? मग थिंक टँकचे हे रिपोर्ट वाचतं कोण?

जुना_पेपरवाला: रिपोर्ट कमीच वाचले जातात, पण परिणाम तिथे शोधू नका. आयडीएसए ही संरक्षण अभ्यासाची संस्था घ्या, 1965 ला निघाली, पैसा संरक्षण मंत्रालयाचा, आता मनोहर पर्रीकरांचं नाव आहे तीच. के. सुब्रह्मण्यम तिथे दोनदा डायरेक्टर होते आणि अणुबॉम्बचा पर्याय सोडू नका, एनपीटीवर (अण्वस्त्रं पसरू नयेत म्हणून केलेला करार) सही करू नका हे ते वर्षानुवर्षं लिहीत राहिले, दिल्लीत कित्येकांना पटत नसताना. मग 1998 ला पोखरण झालं, बॉम्ब तर आला पण तो ठेवायचा कशासाठी हे ज्या सल्लागार मंडळाने 1999 मध्ये मसुदा करून कागदावर आणलं त्याचे प्रमुख हेच. त्या मसुद्यातला गाभा, म्हणजे पहिला वार आपण करायचा नाही, 2003 ला सरकारने अधिकृत केला. विचार आधीपासून तयार होता म्हणून वेळेला हाताशी आला.

सह्याद्री७७: वरच्यांशी सहमत, पण अमेरिकेत हे फार झटपट होतं. इराकमध्ये जादा फौज पाठवायचा आराखडा एईआय या तिथल्या थिंक टँकच्या फ्रेडरिक केगन यांनी डिसेंबर 2006 मध्ये मांडला, निवृत्त जनरल जॅक कीन तोच आग्रह घेऊन बुशना भेटले आणि जानेवारीत बुशनी 20 हजारांवर सैनिक जाहीर केले!! तिकडे राष्ट्राध्यक्ष बदलला की वरच्या जागांवर थिंक टँकमधली माणसं जातात. आपल्याकडे ती दारं बहुतेक बंद, अजित डोवल विवेकानंद फाउंडेशन या थिंक टँकमधून 2014 ला राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले पण ते मूळचे आयपीएस.

आणि नोकरी घेताना पैसा कुणाचा ते आधी बघा. ब्रुकिंग्ज या अमेरिकी थिंक टँकला कतारकडून मोठी रक्कम मिळाली होती हे 2014 ला छापून आलं, इकडे सीपीआर या दिल्लीच्या थिंक टँकचं एफसीआरए लायसन्स, म्हणजे परदेशी देणगी घेण्याचा परवाना, 2024 ला रद्द झालं. देणाऱ्याला नको असलेलं लिहिता येत नसेल तर त्या अभ्यासाला अभ्यास कसं म्हणायचं, मला तरी हे फार महत्त्वाचं वाटतं.

नवीन_वाचक: दोघांचेही खूप आभार. मग आता एकच विषय धरून बसते, हिंदी महासागर आणि आपली बंदरं.

जुना_पेपरवाला: उत्तम! मुंबईजवळचं जेएनपीटी आणि इराणमधलं चाबहार या बंदरांपासून सुरुवात करा.