सुरगाणा-पेठसाठी परिविक्षा अधिकारी: आधी वकिलीची पदवी की पाड्यावरची बोली?

सातमाळा:
जिल्हा बाल संरक्षण कक्षात विधी तथा परिविक्षा अधिकारी व्हायचं तर कायद्याची पदवी लागते. माझं म्हणणं आहे की नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांपुरती ही अट काढा. तिथे समाजकार्याची पदवी मागा आणि कोकणा किंवा भिल्ली बोली येणं सक्तीचं करा.

2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार विधिसंघर्षग्रस्त बालक, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेलं अल्पवयीन मूल, बाल न्याय मंडळापुढे आलं की या अधिकाऱ्याला 15 दिवसांत त्याचा सामाजिक तपासणी अहवाल द्यावा लागतो. आपल्याकडे त्याला सगळे गृहचौकशीच म्हणतात. घरची कमाई किती, शाळा का सुटली, संगत कोणाची, घरात मारहाण होते का, हे त्यात लिहायचं. पोराला समज देऊन घरी सोडायचं, परिविक्षेवर (देखरेखीखाली मोकळं) ठेवायचं की विशेष गृहात (अशा मुलांच्या सरकारी निवासी संस्थेत) पाठवायचं, हे ठरवताना मंडळ हाच अहवाल पुढ्यात घेतं.

असा एक अहवाल मी वाचलाय. 'पालक घरी आढळले नाहीत. कुटुंबाचे मुलाकडे दुर्लक्ष.' तारीख डिसेंबरची! डिसेंबरात पाड्यावर कोण सापडणार? आईबाप मजुरांच्या टोळीबरोबर दिंडोरीकडे द्राक्षाच्या थिनिंगला (घडांतले मणी विरळ करायला) गेलेले. घरी आजी होती. साहेबांनी काय विचारलं ते तिला कळलं नाही, ती काय म्हणाली ते साहेबांना कळलं नाही. मुलगा चुलत्याकडे जेवत होता, त्याच्या खळ्यावर भात झोडत होता, चुलती त्याला स्वतःच्या पोरासारखं वागवत होती. यातलं एक अक्षर अहवालात नाही.

नाशिकरोड_वकील:
पूर्ण विरोध. शहरातल्या मुलाला कायदा शिकलेला अधिकारी आणि पाड्यावरच्या मुलाला त्याशिवायचा, हा कुठला न्याय?

ग्रामीण भागातून येणारा एक नेहमीचा प्रकार घ्या. 17 वर्षांचा मुलगा, त्याच्याहून थोडी लहान मुलगी, दोघं पळून जातात. मुलीचे घरचे तक्रार देतात आणि पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यातल्या कलम 4 ची किमान शिक्षा 10 वर्षं आहे. किमान 7 वर्षं शिक्षा असली की गुन्हा निर्घृण ठरतो. मग बाल न्याय कायद्याच्या कलम 15 खाली मुलाचं प्राथमिक मूल्यांकन होतं आणि त्या मुलावर प्रौढासारखा खटला चालू शकतो. अशा वेळी अहवालात मुलाचा कबुलीजबाब उतरवून घेणारा अधिकारी त्याचं आयुष्य बरबाद करील, मनाने कितीही चांगला असला तरी. काय लिहायचं नाही, हे कायदा शिकल्यावरच कळतं.

सातमाळा:
@नाशिकरोड_वकील, ही भीती खरी आहे. पण कायदा जाणणारे मंडळात आहेतच. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी बसलेले असतात, मुलाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तो पाडा पाहिलेला माणूस मात्र त्या खोलीत एकही नसतो. कबुलीजबाब घ्यायचा नाही हे नेमणुकीनंतरच्या प्रशिक्षणात शिकवता येतं. आजीशी बोलायला कुठल्या प्रशिक्षणात शिकवणार?

निफाडकर:
तुम्ही दोघं पदवीवरून भांडताय. 15 तालुक्यांच्या जिल्ह्यात एकेका माणसाने किती घरं गाठायची? मालेगावात उर्दू, सटाण्यात अहिराणी, सुरगाण्यात कोकणा. एवढं सगळं येणारा उमेदवार आणणार कुठून? आणि पद कंत्राटी. जो चांगला असतो तो दुसरी नोकरी मिळाली की जातो.

परिविक्षा अधिकारी उपलब्ध नसेल तर बाल कल्याण अधिकारी किंवा सामाजिक कार्यकर्त्याकडून चौकशी करवून घ्यायची सोय बाल न्याय कायद्याच्या कलम 8 मध्येच आहे. तालुकावार अशा कार्यकर्त्यांची यादी करा, प्रवासखर्च वेळेवर द्या. अट न बदलता काम होईल.

कळवणचे_मास्तर:
आश्रमशाळेत शिकवतो, म्हणून राहवत नाही. स्थानिक माणूस, स्थानिक माणूस म्हणताना एक विसरू नका. तो कोणाच्या तरी भावकीतला असतो. पाड्यावर जीपमधून कोण उतरलं हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. मुलाची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे, अहवाल गोपनीय असतो. पण चौकशी करणाराच सरपंचाचा मेहुणा निघाला तर? तक्रार करणारी मुलगीही त्याच गावात राहते, तिचाही विचार करा. शिक्षा भोगून झाली, तरी आमच्या एका मुलाला गावाने नावं ठेवायचं सोडलं नाही. शेवटी त्याने शाळाच सोडली. निफाडकरांच्या यादीलाही माझी हीच हरकत आहे.

सातमाळा:
मास्तर, रहिवासाची अट मी मागितलेली नाही, बोलीची मागितली आहे. कळवणचा कोकणा पदवीधर सुरगाण्यात काम करील, पेठचा त्र्यंबकला करील. भावकी आडवी येणार नाही. आपल्या आश्रमशाळांतून शिकून समाजकार्याची पदवी घेतलेली मुलं-मुली आज आहेत. वकिलीच्या अटीमुळे ती अर्जसुद्धा करू शकत नाहीत.

नाशिकरोड_वकील:
बोलीचाच प्रश्न असेल तर कलम 8 आणखी एकदा वाचा. मुलाला कामकाजाची भाषा समजत नसेल तर दुभाषा देणं मंडळावर बंधनकारक आहे.

सातमाळा:
तो दुभाषा मिळतो मुलाला, नाशिक शहरात उंटवाडीत, मंडळाच्या कामकाजात. पाड्यावरच्या आजीला कोण देतं?

नाशिकरोड_वकील:
मग तेच मागा ना! गृहचौकशीला जाताना अधिकाऱ्यासोबत दुसऱ्या तालुक्यातला दुभाषा गेलाच पाहिजे, त्याचं मानधन शासनाने द्यावं, आणि तो सोबत नसेल तर अहवालात तसं स्पष्ट नमूद व्हावं, म्हणजे आम्हाला मंडळापुढे फेरचौकशी मागता येईल. अशा निवेदनावर मी आज सही करतो. पदवीची अट काढायच्या निवेदनावर करणार नाही.

निफाडकर:
मसुदा करा, वकीलसाहेब. फक्त द्राक्षाच्या हंगामात चौकशी बागेवर जाऊन करावी, हेही त्यात घाला. माणसं तिथेच असतात.