मदत हवी आहे: नवीन गावात ओळखी कशा होतात?

शेंगाचटणी: चार महिने झाले इथे येऊन. ऑफिस, खोली, ऑफिस. साडेसातला रस्ता सामसूम, त्यात हा पाऊस. लोक चांगले आहेत, पण बोलणं 'काय, बरं ना?' च्या पुढे जात नाही. रविवारी दिवसभर तोंडातून शब्द निघत नाही. काय करू? लवकर सांगा, बदलीचा अर्ज टाकायच्या विचारात आहे.

कातळसडा: इथे म्हणजे कुठे? वय काय? एकट्या की कुटुंब आहे?

सुरमईप्रेमी: 1 ऑगस्टपासून मासेमारी सुरू झाली आहे. रत्नागिरीत असाल तर मिरकरवाडा बंदरावर सकाळी लवकर जा, ताजा बांगडा मिळेल.

शेंगाचटणी: मासे विचारले नाहीत हो. रत्नागिरी, मारुती मंदिरच्या मागे. वय 31, एकटी. सोलापूरची.

जुना_वाचक: मग जिल्हा नगर वाचनालय गाठा. 1828 सालचं आहे. मी निवृत्तीनंतर तिथेच माणसं जोडली.

तिसरी_घंटा: काका, वाचनालयात पेपर वाचतात, गप्पा मारत नाहीत. दिवाळीनंतर राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी रत्नागिरी केंद्रावरही होते. हौशी संस्थांना आत्तापासून माणसं लागतात. अभिनय येत नसला तरी चालेल. प्रॉम्प्टिंगला बसा, कपडेपट सांभाळा. रोज रात्री तीच दहा माणसं भेटली की ओळख आपोआप होते.

जुना_वाचक: एकट्या मुलीने रात्री अकराला तालमीहून परतायचं? मी वाचनालयात बसून गप्पा मारा म्हटलं नव्हतं. रोज ठरलेल्या वेळी जा, पुस्तक बदलताना बोला.

मालवणी_झील: आमच्या कणकवलीक ये गो. दशावतार बघूक बस, रातभर बाजूक बसलेल्यांची वळख होता.

कातळसडा: पावसात कसला दशावतार? जत्रा कार्तिकात सुरू होतात. आणि ती रत्नागिरीला आहे. @शेंगाचटणी, शेजार कसा आहे?

शेंगाचटणी: शेजारच्या काकूंनी जूनमध्ये फणसाची भाजी दिली होती. मी पातेलं स्वच्छ घासून दुसऱ्याच दिवशी परत केलं. त्यानंतर काही नाही.

माजघर: रिकामं परत केलंत?

शेंगाचटणी: हो. का?

माजघर: भांडं रिकामं द्यायचं नसतं. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची. सोलापुरातही हेच असेल ना?

शेंगाचटणी: आई करायची. मी घाईत होते, मला सुचलंच नाही. काकूंना वाईट वाटलं असेल का?

तिसरी_घंटा: फणसासारखी माणसं आहेत, बाहेरून काटे...

कातळसडा: ती उपमा आता बास करा. काटे कसले? बाई दोन महिने वाट बघतेय की पोरगी परत येईल. आमच्याकडे 'या' म्हणून बोलावत नाहीत, माणूस आपणहून कामाला हात लावतो. गणपती तोंडावर आलेत. मुंबईची माणसं येईपर्यंत सगळी तयारी घरच्या दोघा-तिघांच्या अंगावर असते. जाऊन सरळ विचारा, मोदक वळायला येऊ का?

शेंगाचटणी: मला कळ्या पाडता येत नाहीत.

माजघर: मग उकड मळा, नारळ खवा. कामाला बसल्यावर बोलणं निघतंच. संध्याकाळी आरतीला चार घरं फिरतात, त्यांच्याबरोबर जा. गौरीच्या रात्री फुगड्या असतात, नाही म्हणू नका.

सुरमईप्रेमी: चतुर्थीला मासे मिळत नाहीत, लक्षात ठेवा.

शेंगाचटणी: (दोन दिवसांनी) आईने पाठवलेली शेंगाची चटणी डब्यात भरून नेली, पातेल्याबद्दल माफीही मागितली. काकू म्हणाल्या, 'पातेल्याचं काय घेऊन बसलीस, आत ये.' घोटभर चहा पिईन म्हणून बसले ती दीड तास. चतुर्थीला पहाटे पाचला बोलावलंय, पंधरा नारळ खवायचे आहेत. अर्ज अजून टाकला नाही. पण घरी आम्ही नारळ मिक्सरमध्ये काढतो, विळीवर कधी बसले नाही. कसं करतात?

माजघर: उद्याच दोन नारळ आणून हात बसवा. वाटी दोन्ही हातांनी धरून फिरवत राहा, एकाच जागी दाबू नका. करवंटीजवळची काळपट पाठ खोबऱ्यात येऊ देऊ नका, मोदकाचं सारण पांढरं दिसायला हवं.